चाप लावलेली पानं

“वायव्येचा वारा सुटला की त्या पाइपाकडे एकदा बघून यायचं,” एल्सा म्हणाली होती. “बर्फ थांबायची वाट बघत बसायचं नाही. मध्येच जायचं, फावडं घेऊन.”

“हो, हो, नक्की,” मी म्हणाले. माझं अर्धं लक्ष आत, तापत ठेवलेल्या कढईकडे होतं.

एल्सा लिंडक्विस्ट आमच्या समोर राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, गावच्या वाचनालयात मुलांच्या विभागात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेली, आणि अजूनही सगळ्या जगाला पुस्तक परत करायची तारीख सांगावी तशा आवाजात बोलणारी. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी तिने मला दंडाला धरून घराच्या मागच्या अंगाला नेलं. भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पाइप बाहेर आला होता. तळघरात फर्नेस होतं, घर गरम ठेवणारं यंत्र. त्याचा धूर तिथून बाहेर जायचा.

“आणि वादळ संपलं की झाडू दाराबाहेर उभा करून ठेवायचा,” ती म्हणाली. “इथे सगळे ठेवतात. उभा झाडू दिसला की समोरच्याला कळतं, आत सगळी ठीक आहेत.”

“छान पद्धत आहे,” मी म्हणाले आणि आत पळाले. मोहरी करपली होती.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव ते. श्रीरंग, माझा नवरा, पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर होता. तो सकाळी सातला गाडी घेऊन जायचा, की संध्याकाळपर्यंत मी आणि पाच वर्षांची जुई. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. गाडीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालेली. गावात बस नाही, रिक्षा नाही. खिडकीतून बघितलं की सपाट जमीन, आणि ती कुठे संपते ते कळायचं नाही. मिरजेहून आई विचारायची, “मोकळी हवा असेल ना गं तिकडे?” मी म्हणायचे, “खूप.”

अशा ठिकाणी लक्ष ठेवायला माझ्याकडे एकच माणूस होतं. टेबलांच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवले होते. दाराची दोन्ही कुलपं झोपण्यापूर्वी तीनदा तपासायचे. जुईला जरा शिंक आली की थर्मामीटर, आणि आकडे वहीत. श्रीरंग चिडवायचा, “वृंदा, ही पोर मोठी झाली की आपल्यावर माहितीचा अधिकार लावणार आहे. सगळ्या शिंकांची नोंद तयार ठेव.”

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी मिळून गप्प केली होती. स्वयंपाकघराच्या छताला एक अलार्म होता, धुराचा आणि विषारी वायूचा मिळून एकच. मी फोडणी दिली की तो कोकलायचा. पोह्यांना कोकलायचा, आमटीला कोकलायचा, भेंडी परतली तरी कोकलायचा. जुई कानांवर हात ठेवून रडायची. पहिल्याच आठवड्यात श्रीरंग खुर्चीवर चढला, त्यातले सेल काढले आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. “याला महाराष्ट्रीय जेवणाचं वावडं आहे,” तो म्हणाला. आम्ही खूप हसलो. मग कितीतरी दिवस अलार्मचं झाकण तसंच लोंबत राहिलं.

एल्साला ते दिसलंच. “यात सेल नाहीत?”

“घालणार आहोत,” मी हसून म्हणाले. तिच्यासमोर हसायची मला सवय लागली होती. ती आली की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं, आणि त्या गावात एका परीक्षेत मी आधीच दोनदा आपटले होते.

त्या दिवशी ती जुईसाठी पुस्तक घेऊन आली होती, ‘झाडूवाली हॅना’. त्या भागात पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्या माणसांवर मुलांसाठी सचित्र चरित्रं निघतात, त्यातलं एक. कुणी अस्वलाशी कुस्ती खेळलेला, कुणी दोरीने वावटळ बांधलेला. खरं किती, वाढवलेलं किती, कुणी विचारत नाही. जुईला ती सगळीच आवडायची, पण हॅनावर तिचा जीव जडला. बैलगाडीतून एकच झाडू घेऊन आलेली धिप्पाड बाई. मैलोन्‌मैल झाड नाही, म्हणून मातीच्या ढेपांचं घर बांधून राहणारी. रानगव्यांचा कळप वाटेत आला, तर तिने झाडूने बाजूला सारला. आभाळ भरून आलं, तर ढग झाडून काढले.

“आई, हॅनाने ना, सगळे क्लाउड्स बेडखाली लोटले,” जुई म्हणायची. “तू कचरा लोटतेस तसे.”

“मी कधी लोटते गं?”

“मी बघितलंय.”

पुस्तकाच्या मधोमध दोन पानं होती, ती मला आवडली नव्हती. एका चित्रात हॅना बर्फाने भरलेल्या छपरावर झाडू घेऊन उभी. समोरच्या चित्रात शेजारच्या घरातली दोन मुलं झोपलेली, आणि हॅना त्यातल्या एकाला थोबाडीत मारते आहे. लहान मुलांच्या पुस्तकात मारहाण! एकदा वरवर नजर टाकून मी ती पानं जुईच्या केसांच्या चापाने बंद करून टाकली. वाचताना त्यावरून उडी मारायचे. जुई बोट लावून विचारायची, “इथे काय आहे?” मी म्हणायचे, “मोठ्यांचं.”

जानेवारीत एका गुरुवारी श्रीरंग सव्वाशे मैलांवरच्या चक्क्यांवर गेला आणि दुपारी वादळ आलं. तासाभरात समोरचं घर दिसेना, मग रस्ता दिसेना, मग आमच्याच व्हरांड्याची पायरी दिसेना. महामार्ग बंद झाला. श्रीरंग कुठल्याशा मोटेलात अडकला.

“घाबरू नकोस,” तो फोनवर म्हणाला. “दोन दिवसांत रस्ता उघडेल. हीटिंग चालू आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर. बाहेर पडू नकोस, एवढंच.”

मी बाहेर पडणार कशाला? मी आत जे करायचं ते केलं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाराखाली टॉवेल खोचला. घर डब्यासारखं बंद झाल्यावर जरा बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी जुई उठली ती चिडचिडी. डोकं दुखतंय म्हणाली, दूध प्यायली आणि ओकली. माझंही कपाळ ठणकत होतं. मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. दोन तासांनी पुन्हा लावला. नव्हता. पण येणार, याची मला खात्री होती. मी हीटिंगचा फॅरनहाइटमधला आकडा अडुसष्टवरून शहात्तरवर नेला आणि तिला ब्लँकेटात गुंडाळलं.

दुपारी एल्साचा फोन आला. नाव बघितलं आणि मी तो वाजू दिला. ती पाइपाचं विचारणार, हे मला माहीत होतं. मागच्या अंगाला जायचं तर जुईला आत एकटं टाकून जायचं, आणि बाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, हिला मुलं नाहीत, हिला कळायचं नाही.

मग संध्याकाळी आईने व्हिडिओ कॉल केला. तिकडे पहाटेची वेळ, ती देवपूजेची फुलं निवडत बसली होती. “वृंदे, तोंड का असं उतरलंय तुझं?”

“डोकं दुखतंय. जुईचंपण.”

“दुखेल नाही तर काय. खोलीत कोंडून घेतलंयस. एक खिडकी उघड की जराशी.”

“आई, बाहेर उणे बावीस आहे.”

“असू दे. कोंडलेल्या हवेत पोर मलूल होते. आणि दृष्ट काढ तिची. मीठ-मोहरी तरी आहे ना घरात?”

“मोहरी भरपूर आहे गं,” मी म्हणाले आणि काहीतरी कारण काढून फोन ठेवला. खिडकी उघडायचं तर चिकटपट्टी काढावी लागली असती.

शनिवारी सकाळी वारा पडला. आभाळ निळंभोर, जमिनीवर डोळे दिपवणारं ऊन. जुईला उभं राहवत नव्हतं, तरी तिने कोपऱ्यातला झाडू ओढत आणला.

“वादळ संपलं ना? मग झाडू बाहेर ठेवायचा. एल्साने सांगितलंय. हॅनापण ठेवायची.”

“नंतर ठेवू, बाळा.”

“आत्ता!”

ती रडायला लागली, म्हणून टॉवेल बाजूला सारून मी दार उघडलं. पुढचा व्हरांडा आडोशाला होता, तिथे बर्फ घोट्याएवढाच. जुईने मोठ्या गंभीरपणे झाडू भिंतीला टेकवून उभा केला. दोन मिनिटं आम्ही तशाच उभ्या होतो. गार हवेने तिचा चेहरा जरा उजळला. माझंही डोकं हलकं झालं. मला वाटलं, दोन दिवसांनी ऊन बघितलं म्हणून.

ती आत गेली आणि माझी नजर झाडूवर पडली. मिरजेच्या आमच्या घरात केरसुणी कुणी उभी ठेवली की आई असेल तिथून ओरडायची, “लक्ष्मी आहे ती, तिला काय शिक्षा केल्यासारखी उभी करता!” माझ्या हाताने आपोआप झाडू उचलून उंबऱ्यालगत आडवा ठेवला. आडवं ठेवताना मी विचार केला असं मला आठवत नाही. मी दार लावलं, दोन्ही कुलपं घातली, टॉवेल पुन्हा खोचला.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आम्ही सोफ्यावर एका ब्लँकेटात होतो. माझे पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे जड झाले होते. जुई माझ्या कुशीत पुस्तक घेऊन पडली होती.

“आई, वाच.”

मी वाचायला लागले. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. रानगवे झाले, ढग झाले. जुईने हळूच चाप काढला. मी थांबवलं नाही. तेवढं त्राण नव्हतं.

“ही मुलं का झोपलीत?”

“रात्र झालीय म्हणून.”

ती बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, “मग खिडकीत ऊन का आहे?”

मी पाहिलं. चित्रातल्या मातीच्या घराला एक छोटी खिडकी होती आणि तिच्यातून पिवळंधमक ऊन मुलांच्या तोंडावर पडलं होतं. दोन्ही मुलं गाढ झोपलेली. गाल गुलाबी. मी तिथलं वाक्य वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. *शेजाऱ्यांच्या धुराड्यात बर्फ भरला होता. हॅनाने छपरावर चढून तो झाडूने पाडला. मग ती खाली धावली आणि तिने मुलांना हलवलं. ती उठली नाहीत. तेव्हा तिने त्यांना मारलं, कारण झोपू दिलं असतं, तर ती कायमची झोपली असती.*

“जुई,” मी म्हणाले.

जुई झोपली होती. खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन आलं होतं. गाल गुलाबी दिसत होते.

मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. कोंडलेल्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचे गुणधर्म मी परीक्षेत लिहिलेत: रंग नाही, वास नाही. पाचपैकी पाच मार्क मिळाले होते.

तरीही मी लगेच उठले नाही. माझी चूक होत असेल तर? बाहेर उणे बावीस, हातात आजारी मूल, नवरा सव्वाशे मैलांवर. आतली हवा खरी वाईट आहे, की मीच नेहमीसारखी घाबरते आहे? कुठल्या बाजूला जायचं ते मला ठरवता येईना. मग माझ्या पाठीला काहीतरी टोचलं. टीव्हीचा रिमोट होता.

मी त्याचं मागचं झाकण काढलं. सेल दोनदा हातातून पडले. खुर्ची ओढली, चढले, घसरले, गुडघ्यावर आपटले, पुन्हा चढले. लोंबणाऱ्या झाकणाच्या आत सेल दाबून बसवले आणि हात काढायच्या आत तो ओरडायला लागला.

गॅसवर कढई नव्हती. फोडणी नव्हती. तो ओरडतच राहिला.

मी जुईला हलवलं. मान कलंडली. मी तिच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापर्यंत मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा इतकी जोरात मारली, की माझाच तळवा झणझणला, आणि तिने डोळे न उघडता भोकाड पसरलं. इतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तिला काखेत धरून मी दारापर्यंत सरपटले. दोन कुलपं. मीच घातलेली. मग टॉवेल, दाराखाली घट्ट पाचर झालेला, तोही मीच खोचलेला. मी तो दोन्ही हातांनी उपटला, दार उघडलं आणि आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बर्फात पालथ्या पडलो.

रस्त्याच्या मधोमध कमरेइतक्या बर्फात एल्सा उभी होती. एका हातात फावडं. कमरेला कपडे वाळत घालायची दोरी, तिचं दुसरं टोक तिच्या घराच्या खांबाला बांधलेलं. ती ओरडत होती, “झाडू! तुमचा झाडू पडलाय!”

अग्निशमन दलाची माणसं बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागून आली. त्यांनी आम्हाला प्राणवायूचे मुखवटे लावले. मागच्या भिंतीवरचा तो पाइप त्यांना शोधावा लागला, इतका तो बर्फात गाडला गेला होता. पाइप बंद झाला की फर्नेस आपोआप थांबायला हवं होतं, तेही जुनं, थांबलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाने वहीत लिहिता लिहिता विचारलं, “अलार्म पहिल्यांदा कधी वाजला?”

त्याने छताकडे बघितलं. मग सोफ्यावर मागचं झाकण उघडून पडलेल्या रिमोटकडे बघितलं. त्याने वही मिटली.

दवाखान्यात संध्याकाळी जुईने बिस्किट मागितलं, तेव्हा एल्सा खुर्चीत मागे रेलली. “वाऱ्याने झाडू पाडला ते बरं झालं,” ती म्हणाली.

“वाऱ्याने नाही. मीच आडवा ठेवला होता.”

“का?”

“आमच्याकडे उभा ठेवत नाहीत.”

मग तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि एका कागदावर लिहिलं. “समोरचं घर, आडवा झाडू, सगळं ठीक,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “म्हणजे तुझा झाडू उभा दिसला, की मी धावत यायचं. असंच ना?”

मी हसले, आणि मग मला हसू थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. एल्साने माझा हात धरून ठेवला.

“तू माझा फोन का घेतला नाहीस?” तिने नंतर विचारलं.

मी खरं काय ते सांगितलं. तिला मुलं नाहीत, तिला कळायचं नाही, असं वाटलं म्हणून. जुईच्या उशाशी ते पुस्तक होतं, जुईने सोडलंच नव्हतं. एल्साने शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे बारीक अक्षरात लेखिकेचं टिपण होतं, मोठ्यांसाठी. ते मी कधी वाचलं नव्हतं. हॅनाबद्दल खात्रीने ठाऊक आहे ते इतकंच, असं म्हणून तिने लिहिलं होतं: तिला दोन मुलं होती. पहिल्याच हिवाळ्यात, एका सकाळी, दोन्ही उठली नाहीत. त्यानंतर प्रत्येक वादळानंतर ती झाडू घेऊन घराघरांतून फिरायची. ढगांच्या गोष्टी लोकांनी मागाहून जोडल्या.

याला आता नऊ वर्षं झाली. जुई चौदा वर्षांची आहे आणि माझ्या वहीची चेष्टा करते. आम्ही तीन हिवाळे तिथे होतो. माझा झाडू प्रत्येक वादळानंतर आडवा असायचा, आणि समोरच्या खिडकीतून एल्सा अंगठा उंचावून दाखवायची. तिसऱ्या खेपेला मी गाडीची परीक्षाही पास झाले, तिच्याच जुन्या गाडीवर शिकून. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एल्सा गेली. तिचं घर अजून रिकामं आहे.

आमच्या त्या घरात या ऑक्टोबरपासून नाशिकची केतकी नावाची मुलगी राहते. नवरा त्याच पवनचक्क्यांवर, आणि आठ महिन्यांचं बाळ. घरमालकाकडून नंबर घेऊन मी तिला फोन केला. पाइपाचं सांगितलं, अलार्मचं सांगितलं. तिच्यामागे फोडणी चुरचुरत होती. मी बोलत असतानाच तो आवाज सुरू झाला. नऊ वर्षांनीही मी तो कुठेही ओळखेन. आणि एकदम बंद झाला. फार लवकर. कुणीतरी खुर्चीवर चढलं होतं.

“हो ताई, हो, नक्की बघते,” केतकी म्हणाली.

त्यानंतर तिने माझा फोन घेतलेला नाही. सहा वेळा केला. मी अमेरिकेतच, पण तिच्यापासून दीड हजार मैलांवर आहे, आणि तिच्या समोरच्या खिडकीत कुणी नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला असेल, तर वारा सुटायच्या आत तिच्याकडे जाऊन या. तिच्याकडे नाही जमलं, तर तुमच्या ओळखीत तशी जी असेल तिच्याकडे. नवं गाव, लहान मूल, दिवसभर एकटी. चहा घ्या, बाळाचं कौतुक करा आणि मग मान वर करून छताकडे बघा. ती हसेल. “हो, हो, नक्की,” म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका.